खाली गंज लाव

काकांना जेवायला बोलावलं की ते वेळेवर यायचे, पण घरात यायचे नाहीत. बेल काकू वाजवायच्या. दार उघडावं तर काकू एकट्याच उभ्या, हातात डबा. "ते आलेत, खाली आहेत," असं त्या जमिनीकडे बघत सांगायच्या. खाली म्हणजे यजमानांच्या गाडीखाली. इस्त्रीची पँट, पाठीखाली पुठ्ठा, दातांत धरलेली छोटी बॅटरी आणि रस्त्यावर आलेले दोन बूट. पाच मिनिटांनी उठायचे, पुठ्ठ्याची घडी घालून काखेत मारायचे, आत येऊन हात धुवायचे आणि यजमानाला सांगायचे, "मागच्या डाव्या चाकापाशी पाहून घ्या. ब्रेकची नळी गंजून राहिली." मग शांतपणे भातात हात घालायचे. यजमान बिचारा त्यानंतर काय जेवणार.

मी तेव्हा न्यूनेन नावाच्या डच गावात, त्यांच्याच घरात, माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहत होते. वय सव्वीस, पुण्याची, आइंडहोवनला सॉफ्टवेअरची नवी नोकरी, आणि नाकावर कायम राग. दसऱ्याला धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात खुर्च्या उतरवणारा एक माणूस मला म्हणाला, "खोली शोधून राहिली का? चाल मंग." मी गेले. खोली बघायच्या आधी काकांनी मला ट्रक दाखवला.

तो ट्रक नवा कोरा होता. पांढरा, मागे चौकोनी डबा, सामान वर चढवायला मागे पाळणा. पुण्यात अशा गाडीला आम्ही टेम्पो म्हणतो, आणि मी म्हटलंच, "छान आहे टेम्पो." काका थांबले. "टेम्पो म्हनशील तर चहा बंद. ट्रक म्हन." मला वाटलं गंमत करतायत. पुढच्या आठवड्यात मी चुकून पुन्हा टेम्पो म्हणाले आणि खरोखरच सकाळी माझ्या वाटणीचा चहा नव्हता. काकूंनी मागच्या दाराने दिला, ते सोडा.

आइंडहोवनच्या बाजूला चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. अशाच एका कारखान्यात काका वीस वर्षं धातूच्या भागांची स्वच्छता बघत होते. बोटाचा ठसासुद्धा चालायचा नाही अशी स्वच्छता. बावन्नाव्या वर्षी एक दिवस नोकरी सोडली, ट्रक घेतला आणि लोकांचं घरसामान हलवायचा धंदा सुरू केला. मराठी मंडळींत एवढी चर्चा झाली की विचारू नका. चांगला इंजिनिअर माणूस हमाली करतो म्हणजे काय, डोक्यावर परिणाम झालाय. काकांना विचारलं तर म्हणायचे, "वीस वर्षं डोळ्याले न दिसनारी घान काढली. आता दिसन ते उचलतो." ऑफिसात त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं, डच बऱ्यापैकी होतं, पण घरात आणि गाडीखाली गेले की अस्सल नागपूर.

एका जागी बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. चहासुद्धा कप हातात घेऊन ट्रकभोवती फिरत प्यायचे. डावीकडून एक फेरी, उजवीकडून एक फेरी, मध्येच वाकायचं, बघायचं, उठायचं. नोव्हेंबर लागला की हे फिरणं दुप्पट व्हायचं, कारण थंडी पडली की इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ होऊ नये म्हणून मोठाल्या गाड्या नारिंगी दिवे लावून मीठ उधळत जातात, आणि ते ओलं मीठ प्रत्येक गाडीच्या पोटाला जाऊन चिकटतं. बाकी सगळा देश त्याबद्दल देवाचे आभार मानतो. काका मात्र खिडकीतून ती गाडी जाताना बघायचे आणि सगळं अंग आखडून घ्यायचे. "टाकलं. टाकलंच यानं," असं पुटपुटत घरभर फिरायचे. त्यांच्यामुळे काकू फिरायच्या, आणि त्या दोघांच्या पावलांमुळे वर माझं डोकं फिरायचं.

आणि चाखणं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली होती. खेप करून परत आले की चाकाच्या वरच्या कमानीत बोट घालायचे, फिरवायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. डोळे मिटून दोन क्षण थांबायचे. "खारं," असं म्हणाले की त्या दिवशी कुणाची सुटका नसायची. काकू म्हणायच्या, "घरची भाजी चाखत नाही हा मानूस, ट्रक चाखते."

खारं म्हणजे धुणं. कडाक्याच्या थंडीत बाहेरचा नळ बंद असायचा, मग स्वयंपाकघरातून कोमट पाणी भरभरून न्यायचं. बादल्या पुरायच्या नाहीत म्हणून काकूंची मोठमोठी भांडीही जायची. काका खाली झोपून, बागेच्या पाइपला स्वतः भोकं पाडून केलेल्या फवाऱ्याने ट्रकचं पोट धुवायचे आणि मी वरून पाइपात पाणी ओतत उभी. हातमोजे ओले, नाक लाल, तोंडाने शिव्या. शिव्या मनात द्यायचे, पण त्यांना ऐकू जात असाव्यात. "राग येते तर येऊ दे," ते खालून म्हणायचे, "पानी नको थांबवू."

गंज या शब्दाने मला त्या घरात पहिल्याच महिन्यात तोंडघशी पाडलं. मी माझ्या खोलीत होते. खालून काकूंनी हाक दिली, "अगं, अंगणात ट्रकपाशी गंज राहिला, तेवढा पाह्य गं." मी जिन्यावरून उतरले. काका फोनवर बोलत होते. मी भाबडेपणाने सांगितलं, "काका, काकू म्हणतात ट्रकपाशी गंज आहे." त्यांच्या हातातला फोन तसाच सोफ्यावर पडला. पायात नुसते मोजे, बाहेर गारठा, आणि काका ट्रकखाली. मी बॅटरी घेऊन मागे. दहा मिनिटं आम्ही दोघं इंच न् इंच शोधत होतो. शेवटी काकू बाहेर आल्या, चाकाशेजारी पालथं पडलेलं दुधाचं पातेलं उचललं आणि म्हणाल्या, "हा काय इथे आहे. दोघं मिळून काय करून राहिले खाली?"

नागपूरकडे पातेल्याला गंज म्हणतात, हे पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. काका सर्दीने दोन दिवस पडून होते. त्या दोन दिवसांत त्यांनी मला पुढचा धडा दिला, की गंज म्हणजे भरपूर असंही होतं. गंज दिवस झाले, गंज लोक आले होते. "आमच्या घरात मीठ कमी आन तिखट गंज," ते म्हणाले आणि शिंकत हसले. मी म्हटलं, एका शब्दाला तीन अर्थ, हा काय व्यवहार आहे? "तुमच्या पुन्यात शब्दाला एकच अर्थ असते आन तो पन टोमना असते," काका म्हणाले. 

आता ज्या दिवसाबद्दल मला सांगायचंय तो दिवस. पहिल्याच वर्षीचा, कडाक्याची थंडी सुरू व्हायच्या आधीचा कोरडा शनिवार. ट्रकच्या पोटाला मेणासारखा एक काळा, चिकट लेप लावायचा होता. तो लावला की मीठ पत्र्याला भिडत नाही. काका डावी बाजू करणार, मी उजवी. दोघांच्या हातात ब्रश, दोघांच्या पाठीखाली पुठ्ठे. दाराच्या खाली, चाकापासून चाकापर्यंत एक लांब पोकळ पट्टा असतो. तो सगळ्यात आधी सडतो, असं काकांनी मला समजावून सांगितलं. मग त्यांच्या बाजूने आवाज आला, "खाली गंज लाव."

पातेल्याच्या वेळचा धडा विसरून मी ब्रश खाली ठेवला. "काका, गंज येऊ नये म्हणून लेप लावतोय आणि तुम्ही म्हणता गंज लाव?" ट्रकच्या त्या बाजूने हसू आलं. सबंध ट्रक हलला इतके ते हसले. "गंज लाव म्हनजे गंज लाव, पोरी. भरपूर. आन भोकं पाह्य बरं."

मी पाहिली. पट्ट्याच्या खालच्या अंगाला ओळीने बारीक भोकं होती, करंगळीचं टोक जाईल एवढी. भोक दिसलं की बुजवायचं, हे आमच्या घरचं शिक्षण. मी एकेक भोक शोधून काळजीपूर्वक लेपाने भरलं. वरून आणखी एक थर. इतकं मन लावून मी आयुष्यात फार कमी कामं केली आहेत. संध्याकाळी काकांनी माझी बाजू लांबूनच बघितली, कारण पाऊस यायला लागला होता. "गंज लावलं," ते समाधानाने म्हणाले. मी अगदी फुलून गेले.

नंतरच्या हिवाळ्यांत गावभर त्यांच्या कथा झाल्या. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका डच आजीबाईंच्या गाडीखाली ते सापडले, ती एक. मी कांद्यांची पिशवी घेऊन बाजूला उभी होते आणि मला त्या माणसाला ओळखत नाही असं दाखवायचं होतं. आजीबाई ट्रॉली घेऊन आल्या, दोन बूट बघितले आणि डचमध्ये विचारलं, तुम्ही तिथे काय करताय? काका खालूनच म्हणाले, बाई, तुमची ब्रेकची नळी तपासून घ्या, आज घरी हळू जा. आजीबाईंचा चेहरा पाहून मी त्यांच्या हातात काकांचं सामान-हलवणीचं कार्ड कोंबलं, निदान पोलिसांना बोलवू नका म्हणून. तीन आठवड्यांनी त्याच आजीबाई सफरचंदाचा मोठा केक घेऊन दारात हजर. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की नळी कधीही फुटली असती. काकांनी केकचा एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "गाडी आनली का?" आणि पुठ्ठा घेऊन बाहेर गेले.

लोक हसायचे. नव्या गाडीचे एवढे लाड कशाला, मुलगी आहे का, लग्न लावायचंय का? मीही हसायचे. एकदा चिडून मी विचारलंच, "एवढी चमकवून करायचंय काय काका?" तेव्हा ते फक्त म्हणाले, "चमकली नाही तरी चालते. थांबली पाहिजे." मला वाटलं, हे आणखी एक नागपुरी कोडं.

त्याचा अर्थ मला कळला तो लायडस्खेनडाम-फोरबर्गला एका कुटुंबाचं सामान पोचवून परत येताना. दुपार होती, आभाळ खाली आलेलं. हायवेवर आमच्या पुढे मीठ टाकणारी गाडी आली. तिच्या मागून निघालेले खडे समोरच्या काचेवर ताडताड आपटायला लागले. काकांनी शब्द न बोलता ट्रक पुढच्या विसाव्याच्या जागी वळवला आणि इंजिन बंद केलं. ती गाडी चांगली पुढे जाईपर्यंत थांबायचं. मला संध्याकाळी कुणाला तरी भेटायचं होतं, मी आत धुमसत होते. काका स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते, काच खाली करत होते, वर करत होते. आणि एकदम बोलायला लागले.

"माझा बाप मिठाच्या ट्रकवर होता. गुजरातेतून मीठ भरायचं, नागपुरात उतरवायचं. ट्रक दुसऱ्याचा. पावसात ताडपत्री गळे, मीठ ओलं होये आन ते पानी खाली लोखंडावर जाये. बाप दर खेपेला मालकाले सांगे, ब्रेकची नळी मिठानं खाल्ली, बदला. मालक म्हने, पुढच्या खेपेला. एका उतारावर ब्रेक लागलाच नाही. रस्त्याच्या कडेला एक मानूस उभा होता. तो गेला."

काच खाली झाली, वर झाली.

"मालकानं पोलिसाले सांगतलं, यानं मले कधी बोलूनच दाखवलं नाही. आमच्या वस्तीतल्या ड्रायव्हरचं कोन ऐकते? बाप आत गेला, बाहेर आला, पन स्टिअरिंगले हात नाही लावला परत. मरेपर्यंत माझ्या मायले विचारे, मी सांगतलं होतं ना? जेवता जेवता थांबे आन विचारे. माय म्हने, हाव, सांगतलं होतं. पन तिनं म्हनून काय होते? ज्यानं म्हनायचं त्यानं नाही म्हनलं." काकांनी ट्रक चालू केला. "मालकाले एकच वाक्य म्हनायचं होतं. माझ्या हातून झालं. तेवढं म्हनलं असतं तर बापाले झोप आली असती."

घरी पोचल्यावर त्यांनी चाकाच्या कमानीत बोट घातलं, चाखलं आणि त्या संध्याकाळी मी न कुरकुरता पाणी ओतलं.

तीन वर्षं झाली आणि ट्रकची पहिली सरकारी तपासणी आली. काका आठवडाभर आधीपासून नवी पँट घातल्यासारखे ताठ फिरत होते. सगळ्यांना सांगून झालं होतं, एकही शेरा मिळणार नाही. मला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गॅरेजमध्ये गेले. ट्रक उचलून वर घेतला. आम्ही खाली उभे. तपासणारा तरुण डच माणूस होता, शिट्टी वाजवत काम करत होता. डावी बाजू बघून म्हणाला, इतकं स्वच्छ पोट मी पाहिलेलं नाही. काका माझ्याकडे बघून हसले. मग तो उजव्या बाजूला आला, दाराखालच्या पट्ट्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि स्क्रूड्रायव्हर आत गेला.

शिट्टी थांबली. त्याने जरा दाबून पाहिलं. मग पट्ट्याच्या खालून बोट फिरवलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ही भोकं ठेवलेली असतात, तो म्हणाला. डावीकडची उघडी आहेत, बघा. इकडची सगळी लेपाने बुजवली आहेत, काळ्यावर काळं, धुताना दिसणारही नाहीत. तुम्ही जेवढं धुतलंत तेवढं खारं पाणी आत साठत गेलं. तीन वर्षांत असं होत नाही, हे आतून सडलंय. त्याने हात पुसले आणि सहज विचारलं, हे कोणी केलं?

मला तोंड उघडायचं होतं. ते उघडलं नाही.

"मी," काका डचमध्ये म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तपासणी नापास. पट्टा बदलून आणा, मग बघू. घरी येईपर्यंत काकांनी एकदाही काच खाली-वर केली नाही आणि मी फोनमध्ये बघत राहिले.

बातमी पसरायला किती वेळ लागतो? लोकांच्या गाड्यांचा गंज काढणाऱ्याचा ट्रक गंजला, यावर दोन पार्ट्या निभावल्या. कुणी विचारलं तर काका सांगायचे, "माझंच चुकलं. भोकं बुजवली." बस, एवढंच. त्यांनी पट्टा बदलून आणला नाही. ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. आलेली कामं दुसऱ्याकडे पाठवली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काका बसायला लागले. खिडकीपाशी खुर्ची ओढून, समोर ट्रक, हातात कप, तासन् तास. फेऱ्या नाहीत, वाकणं नाही, चाखणं नाही. बाहेरून मिठाची गाडी गेली तरी मान वळायची नाही. काकू माझ्याकडे बघायच्या आणि मी फोनमध्ये बघायचे.

त्यांचं फिरणं बंद झालं आणि माझं सुरू झालं. ऑफिसात खुर्चीत बसवेना. सायकलवर निघायचे ती उगाच गावाला दोन वळसे घालून यायचे. स्वतःशी भांडायचे. ते म्हणाले होते भोकं पाह्य, बुजवू नको असं कुठे म्हणाले होते? मी पाहिली. गंज लाव म्हणाले, गंज लावलं. कदाचित त्यांना आठवतही नसेल कोणती बाजू कोणी केली. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, कशी आठवेल? मग हायवेवरचा तो विसावा आठवायचा, वर-खाली होणारी काच आठवायची आणि मला माझीच किळस यायची. मी त्या मालकाच्या जागी उभी होते, हे न कळण्याइतकी मी मूर्ख नव्हते.

त्यातच मला अ‍ॅमस्टरडॅमला नोकरी मिळाली आणि आल्मेरेत घर. शनिवारी निघायचं होतं. माझं सामान ट्रकमधून जाणार, हे काकांनी कधीचंच कबूल केलेलं. मी मुकाट्याने भाड्याची गाडी ठरवली. काका त्यावरही काही म्हणाले नाहीत. म्हणजे आणखी दोन दिवस तोंड मिटून काढले की मी सुटले, कायमची. गुरुवारी दुपारी खोके भरत होते तेव्हा काकू वर आल्या. हातात ते दुधाचं पातेलं, घासूनपुसून लख्ख.

"हा गंज तुले," त्या म्हणाल्या. "नवीन घरात पहिलं दूध यात तापव."

मी ते हातात घेतलं आणि मला रडू फुटलं. काकूंना वाटलं निरोपाचं रडू. मी पातेलं तसंच धरून जिना उतरले, खिडकीपाशी गेले आणि काकांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले.

"काका, उजवी बाजू मी केली होती. भोकं मी बुजवली. तिथे गॅरेजमध्ये मला बोलायचं होतं, मी नाही बोलले. माझ्या हातून झालं."

 काकांनी कप खाली ठेवला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "उजवी तूच केली होती. डावी मी."

मला आधी काही समजेना, आणि समजलं तेव्हा माझा जुना राग उसळून आला. "माहीत होतं? सहा आठवडे? मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही, आणि तुम्ही इथे बसून माझी परीक्षा घेत होतात? आत रोज सडतंय, आणि तुम्ही बघत बसलात?"

"सडू दे. पत्रा बदलता येते." ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांना ते लपवायचं नव्हतं. "परीक्षा कायची घेतो, पोरी. वाट पाहून राहिलो होतो. मी बोललो असतो तर तू हाव म्हनली असती, मले माहीत आहे. पन मंग ते माझं बोलनं झालं असतं. बापाच्या वेळी कोनी स्वतःहून आलं नाही. मले पाहायचं होतं, मानूस येते का नाही."

मी उशिरा आले, असं मला म्हणायचं होतं. 

काका उठले. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा त्यांची पावलं घरात वाजली. पुठ्ठा काढला, दुसरा पुठ्ठा काढला, कपाटातून सायकलच्या चाकाची एक जुनी तार घेतली आणि ती माझ्या हातात दिली. "तू बुजवली, तूच उघड."

बाहेर थंडी मी म्हणत होती. आम्ही दोघं उजव्या बाजूला ट्रकखाली सरकलो. त्यांनी बॅटरी धरली. मला पहिलं भोक सापडेना, इतकं छान बुजवलं होतं मी. "गंज लावलं तू," काका शेजारून म्हणाले. तारेचं टोक आत गेलं, फिरवलं, लेपाचा गोळा निघाला आणि बर्फासारखं गार, तांबडं पाणी माझ्या मनगटावरून बाहीत शिरलं. मी ओरडले. काकांनी माझ्याबरोबर तसंच बाहेर आलेलं ते लख्ख पातेलं पुढे सरकवलं आणि धार त्यात पडायला लागली. दुसरं भोक, तिसरं भोक. काकांनी धारेखाली बोट धरलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

"खारं?" मी विचारलं.

"चाखून पाह्य."

मी चाखलं. खारट, लोखंडी, घाण. तोंड वाकडं करून मी थुंकले आणि ते हसायला लागले, सबंध ट्रक हलला इतके.

दारात काकूंच्या चपला वाजल्या. "दोघं परत खाली?" त्या म्हणाल्या. "निघालं का पानी?"

मी पातेल्यात बघितलं. काठापर्यंत आलं होतं.

"गंज निघालं, काकू," मी म्हटलं. "दुसरा गंज आणा."